किरणांच्या माऱ्यात टिकणारे सिलिकॉन

२०१२ सालच्या जुलै महिन्यात मी एम.एस्सी.च्या वर्गात होतो. ४ जुलैला जिनीव्हाजवळच्या सर्न ह्या संस्थेत हिग्ज कणाच्या शोधाची घोषणा झाली आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी त्याला ‘देवकण’ म्हटले. संध्याकाळी आमच्या वस्तीतल्या टपरीवर एका वडीलधाऱ्या माणसाने मला विचारले, “काय बाबू, पेपरात देव भेटला म्हून आलं हाये, खरं हाये का?” हे काका कन्हानच्या घाटावर ट्रकांत रेती भरण्याचे काम करीत. मी म्हणालो, “नाही जी, देव नाही भेटला. एक कण भेटला.” त्यावर त्यांनी लगेच दुसरा प्रश्न टाकला, “मंग तो दिसला कसा?”

हा प्रश्न भौतिकशास्त्राचा होता आणि अचूक होता. त्या दिवशी वर्तमानपत्रांनी तो विचारला नव्हता आणि आमच्या वर्गातही कोणी विचारला नव्हता. ‘देवकण’ हा शब्द अमेरिकन शास्त्रज्ञ लिऑन लेडरमन यांच्या १९९३ सालच्या पुस्तकाच्या नावावरून आला. शास्त्रज्ञांना तो बहुतेक आवडत नाही. आमच्याकडे मात्र तो शब्द आला तो थेट देव्हाऱ्यात जाऊन बसला. कण दिसला कसा, हे सांगण्याऐवजी कणाला देव करून टाकणे सोपे होते. मलाही त्या दिवशी काकांना नीट उत्तर देता आले नाही. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिलाच. मला उत्तर येत नाही म्हटल्यावर ते विचारायला आणखी कोणाकडे जाणार होते?

पुढे मी कॉलेजात शिकवू लागलो. इंदोऱ्यातील एका वाचनालयात दर रविवारी आमचा अभ्यासवर्ग असतो. तेथे गेल्या वर्षी एम.एस्सी.च्या एका विद्यार्थिनीने एक जाहिरात आणली. मुंबईच्या एका संशोधन प्रकल्पात काही महिन्यांसाठी माणसे हवी होती. काम होते सिलिकॉन डिटेक्टरची जुळवणी आणि चाचणी. ती म्हणाली, “सर, इंग्रजीत वाचलं. शब्द समजले, गोष्ट समजली नाही.” शेजारी बसलेले आमचे एक कार्यकर्ते मित्र म्हणाले, “वस्तीत नळाला पाणी नाही आणि तुम्ही इथं अणू-परमाणू काढून बसता.” त्या मुलीला गोष्ट समजावी आणि ह्या मित्रालाही काही उत्तर मिळावे, म्हणून हा लेख लिहिला आहे. आधी गोष्ट, मग उत्तर.

१. कण दिसतो कसा

स्वित्झर्लंड आणि फ्रान्स यांच्या सीमेवर जमिनीखाली सुमारे शंभर मीटर खोल २७ किलोमीटर घेराचा एक गोल बोगदा आहे. त्यात प्रोटॉनांचे दोन झोत परस्परविरुद्ध दिशांनी जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरतात. चार ठिकाणी हे झोत एकमेकांना भिडवले जातात. प्रोटॉनांचे पुंजके एका सेकंदात सुमारे चार कोटी वेळा एकमेकांतून जातात आणि प्रत्येक वेळी काही डझन टकरी होतात. टकरीतून नवे कण बाहेर फेकले जातात. टकरीच्या जागेभोवती मोठाली यंत्रे उभी केलेली आहेत. त्यांतील एकाचे नाव सीएमएस. त्याचे वजन १४,००० टन आहे. भारतातील शास्त्रज्ञांचा मोठा गट ह्याच प्रयोगात आहे. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, भाभा अणुसंशोधन केंद्र आणि पुण्याची आयसर ह्या महाराष्ट्रातील संस्था त्यात आहेत.

ह्या अवाढव्य यंत्राच्या अगदी मध्यभागी, टकरीच्या जागेला खेटून, सिलिकॉनच्या पातळ चकत्या आहेत. सिलिकॉन हे काही दुर्मीळ मूलद्रव्य नाही. कन्हानच्या रेतीतला मोठा भाग सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांच्या संयुगाचाच असतो. डिटेक्टरसाठी अर्थात नदीची रेती चालत नाही. फार शुद्ध गारगोटीपासून सिलिकॉन वेगळे काढतात, ते पुन्हा पुन्हा शुद्ध करतात, वितळवून त्याचा एकसंध स्फटिक वाढवतात आणि त्या स्फटिकाच्या चकत्या कापतात. चकतीची जाडी साधारण एक तृतीयांश मिलिमीटर असते.

ह्या चकतीवर डायोड तयार करतात. बी.एस्सी.च्या विद्यार्थ्याला डायोड माहीत असतो. त्याला उलट्या दिशेने व्होल्टेज दिले की त्यातील मोकळे विद्युत्भार दोन्ही बाजूंना ओढले जातात आणि मधला पट्टा रिकामा होतो. ह्या रिकाम्या पट्ट्यातून प्रवाह जवळजवळ वाहत नाही. म्हणजे एक शांत खोली तयार झाली. आता ह्या खोलीतून एखादा विद्युत्भारित कण गेला, तर तो वाटेतल्या अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे करत जातो. प्रत्येक सुट्या इलेक्ट्रॉनमागे एक रिकामी जागा राहते, तिला होल म्हणतात. अशी एक जोडी तयार व्हायला सरासरी ३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट इतकीच ऊर्जा लागते. ०.३ मिलिमीटर सिलिकॉनमधून एक वेगवान कण गेला की सुमारे बावीस हजार जोड्या तयार होतात. इलेक्ट्रॉन एका बाजूला, होल दुसऱ्या बाजूला खेचले जातात आणि बाहेरच्या तारेत क्षणभर एक बारीक ठोका उमटतो. शांत खोलीत पाऊल वाजावे तसा तो ऐकू येतो.

चकतीचा पृष्ठभाग बारीक पट्ट्यांत किंवा चौकटींत विभागलेला असतो. कोणत्या पट्टीत ठोका उमटला यावरून कण कोठून गेला ते केसाच्या जाडीहून कमी अंतरापर्यंत कळते. अशा चकत्यांचे थरावर थर असतात. प्रत्येक थरातला बिंदू जोडला की कणाची वाट मिळते. ही सगळी रचना ३.८ टेस्ला इतक्या चुंबकीय क्षेत्रात असल्यामुळे वाट वाकते. जास्त वाकली तर कणाचा संवेग कमी, कमी वाकली तर जास्त. सीएमएसमध्ये पट्ट्यांच्या सिलिकॉनचे क्षेत्रफळ सुमारे २०० चौरस मीटर आणि पट्ट्या ९३ लाख आहेत. त्याच्याही आत चौकटींचा डिटेक्टर आहे, त्यात २०१७ पासून १२ कोटी ४० लाख चौकटी आहेत.

तेव्हा काकांच्या प्रश्नाचे उत्तर असे: हिग्ज कण स्वतः कोणालाच दिसला नाही. तो जन्मताच मोडतो. तो मोडल्यावर जे कण निघाले त्यांची पावले सिलिकॉनमध्ये आणि बाहेरच्या इतर यंत्रांत उमटली. त्या पावलांवरून मागे जाऊन हिशेब केला तेव्हा तो होता असे सिद्ध झाले. ही साक्षीपुराव्याची पद्धत आहे. येथे श्रद्धेला जागा नाही.

२. मारा आणि झीज

आता मुख्य अडचण. जो कण सिलिकॉनमध्ये ठोका उमटवतो, तोच सिलिकॉनची नासधूस करतो. साक्षीदारालाच मार बसतो.

स्फटिकात सिलिकॉनचे अणू ठरलेल्या जागी ओळीने बसलेले असतात. इलेक्ट्रॉन सुटा होणे ही तात्पुरती घटना आहे, तो पुन्हा जागेवर येतो. पण कधी कधी येणारा कण थेट अणूच्या गाभ्यावर आदळतो. गाभ्याला सुमारे २५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट किंवा त्याहून जास्त धक्का बसला तर संपूर्ण अणू आपल्या जागेवरून उखडला जातो. त्याची जागा रिकामी पडते आणि तो अणू दुसरीकडे फटीत जाऊन बसतो. जोराचा धक्का बसला तर तो उखडलेला अणू आणखी शेजाऱ्यांना उखडतो. हे बिघाड बाहेरून दिसत नाहीत. चकती पूर्वीइतकीच चकचकीत असते.

वेगवेगळे कण वेगवेगळ्या प्रमाणात नुकसान करतात. म्हणून सगळ्यांसाठी एकच माप ठरवले आहे: एक चौरस सेंटिमीटरवर दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे किती न्यूट्रॉन पडले असते तर तेवढेच नुकसान झाले असते. टकरीच्या जागेपासून जितके जवळ, तितका हा आकडा मोठा. बोगद्यातल्या यंत्राची जी नवी, जोरकस अवस्था २०३० च्या सुमारास सुरू करण्याचे नियोजन आहे, तिच्यात अगदी आतल्या थरांना एकावर सोळा शून्ये इतक्या न्यूट्रॉनांहून जास्त मारा दर चौरस सेंटिमीटरला सोसावा लागेल.

ह्या माऱ्याचे मुख्य परिणाम तीन.

पहिला, गळती. रिकाम्या पट्ट्यात बिघाड झालेली प्रत्येक जागा ही पायरीसारखी काम करते. जी उडी इलेक्ट्रॉनला एका दमात घेता येत नव्हती ती तो आता दोन पायऱ्यांत घेतो. कण आलेला नसतानाही प्रवाह झिरपू लागतो. शांत खोलीत कुजबुज सुरू होते आणि तीत पावलाचा आवाज बुडू लागतो. ही गळती माऱ्याच्या अगदी सरळ प्रमाणात वाढते. मारा दुप्पट तर गळती दुप्पट. म्हणून गळती हीच झीज मोजण्याची मोजपट्टीही झाली आहे.

दुसरा परिणाम, व्होल्टेजची वाढती भूक. पट्टा पूर्ण रिकामा करायला नव्या चकतीला जेवढे व्होल्ट लागतात त्यापेक्षा माऱ्यानंतर पुष्कळ जास्त लागतात. येथे एक विचित्र गोष्ट घडते. सुरुवातीला एन प्रकारचे असलेले सिलिकॉन मारा खाता खाता पी प्रकारचे असल्यासारखे वागू लागते. त्यामुळे लागणारे व्होल्टेज प्रथम कमी होते, तळाला जाते आणि मग वाढतच राहते. ही गोष्ट आधीच माहीत नसती तर व्होल्टेज कमी लागते आहे म्हणून लोकांनी आनंद मानला असता.

तिसरा परिणाम, सापळे. सुटलेले इलेक्ट्रॉन वाटेतच बिघडलेल्या जागांत अडकतात आणि वेळेवर पोचत नाहीत. बावीस हजारांतले काही हजारच पोचतात. ठोका क्षीण होतो.

किरणसह सिलिकॉन म्हणजे ज्याला हे काही होत नाही असे सिलिकॉन, असा समज करून घेऊ नये. असे सिलिकॉन जगात नाही. जे मार खाऊनही ठरलेल्या मुदतीपर्यंत खरी साक्ष देऊ शकते, आणि ज्याची झीज आधीच हिशेबात धरलेली असते, त्याला किरणसह म्हणतात. हे साधण्याचे काही मार्ग सापडले आहेत. सिलिकॉनमध्ये ऑक्सिजन मिसळला तर काही प्रकारच्या माऱ्यात झीज कमी होते. चकती पातळ ठेवली तर कमी व्होल्टेजमध्ये पट्टा रिकामा होतो आणि वाट आखूड असल्यामुळे अडकणे कमी होते. होलांऐवजी इलेक्ट्रॉन गोळा केले तर ते अधिक चपळ असल्यामुळे जास्त संख्येने पोचतात. नव्या डिटेक्टरांत म्हणूनच पी प्रकारचे सिलिकॉन वापरतात आणि इलेक्ट्रॉन गोळा करतात.

३. थंडी, ऊब आणि रोजची राखण

असा डिटेक्टर बसवला म्हणजे काम संपत नाही. त्याची रोज राखण करावी लागते आणि त्या राखणीचा मुख्य उपाय थंडी आहे.

गळती तापमानाबरोबर झपाट्याने वाढते. साधारण दर सात अंशांना ती दुप्पट होते. वीस अंशांवरून शून्याखाली वीस अंशांवर गेलो तर ती सुमारे पन्नास-साठ पट कमी होते. शिवाय गळतीने चकती तापते, तापली की गळती वाढते, वाढली की आणखी तापते. थंड करणारी यंत्रणा कमी पडली तर हे चक्र हाताबाहेर जाते. नागपूरच्या मे महिन्यात ज्याच्या घरी कूलर बंद पडला आहे त्याला हे फार समजावून सांगायला नको. सीएमएसच्या पट्ट्यांच्या डिटेक्टरमधून पहिल्या काही वर्षांत चार अंशांचे शीतक फिरवीत. मारा वाढणार म्हणून पुढे हवाबंद व्यवस्था सुधारली, आतली हवा अतिशय कोरडी ठेवली, आणि २०१५ पासून शीतक शून्याखाली पंधरा अंशांवर आणले. हवा कोरडी नसती तर चकत्यांवर दव आणि बर्फ साचला असता.

थंडीचे दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. लोहार लोखंड तापवून हळूहळू निववतो तेव्हा त्यातले ताण सुटतात. सिलिकॉनमध्येही ऊब मिळाली की उखडलेले अणू हलू लागतात आणि काही पुन्हा जागेवर बसतात. ह्याला अनीलिंग म्हणतात. गळती उबेने कमी होते. लागणारे व्होल्टेजही पहिल्या काही दिवसांत कमी होते. पण तीच ऊब अधिक काळ राहिली तर निराळे बिघाड एकत्र येऊन नवे, अधिक वाईट बिघाड तयार करतात आणि व्होल्टेजची भूक पुन्हा वाढू लागते. ही उलटी क्रिया खोलीच्या तापमानाला महिन्यांच्या हिशेबाने चालते. शून्याखाली ती जवळजवळ गोठते. म्हणून टकरी बंद असतानासुद्धा डिटेक्टर थंड ठेवतात. दुरुस्तीसाठी तो उबेत आणावा लागला तर ते दिवस मोजून वहीत मांडतात. थोडी ऊब औषध, जास्त ऊब विष.

ह्याखेरीज व्होल्टेज किती लागते ते ठरावीक काळाने तपासून वाढवावे लागते. चौकटींच्या चिपांत एखाद्या कणाच्या धक्क्याने स्मृतीतला शून्याचा एक होतो आणि चिप चुकीचे वागू लागते. अशा चिपांना पुन्हा पुन्हा नव्याने सूचना भराव्या लागतात. रात्रंदिवस पाळ्या लावून माणसे हे करीत असतात. सीएमएसचे नियंत्रण कक्ष फ्रान्समधील सेसी ह्या गावात आहे. आपल्या मुंबई-पुण्याच्या संस्थांतील विद्यार्थीही तेथे पाळ्या करतात.

४. उपायानेच बिघडलेली गोष्ट

राखण किती नाजूक असते ते एका खऱ्या घटनेवरून कळेल. २०१६-१७ च्या हिवाळ्यात सीएमएसमध्ये चौकटींचा नवा डिटेक्टर बसवला. पूर्वी तीन थर होते, ते चार झाले. सर्वांत आतला थर टकरीच्या जागेच्या तीन सेंटिमीटरच्या आत आला. २०१७ च्या ऑक्टोबरात त्याला वीज पुरवणारे छोटे परिवर्तक एकामागून एक बंद पडू लागले.

कारण शोधायला काही महिने लागले. डिटेक्टरमधील एक चिप कणाच्या धक्क्याने अधूनमधून अडकून बसे. तिला जागे करायचे तर वीज बंद करून पुन्हा चालू करणे एवढाच उपाय होता. त्यासाठी परिवर्तकाला ‘बंद हो’ अशी आज्ञा देत. परंतु मारा खाल्लेल्या परिवर्तकाच्या चिपमधला एक ट्रान्झिस्टर गळू लागला होता. चिप चालू असताना ती गळती निरुपद्रवी होती. चिप बंद अवस्थेत ठेवली की गळतीचा भार एका ठिकाणी साचे, व्होल्टेज वाढे आणि चिप कायमची निकामी होई. म्हणजे दुरुस्तीसाठी जे केले जात होते त्यानेच मोडतोड होत होती. २०१७-१८ च्या हिवाळ्यात डिटेक्टर बाहेर काढून सगळे परिवर्तक बदलले आणि त्यांना ती आज्ञा देणे थांबवून मागच्या वीजपुरवठ्यावरूनच वीज तोडण्याची पद्धत सुरू केली. पुढच्या दीर्घ विश्रांतीत सुधारलेल्या चिपा आल्या. सर्वांत आतला थर मार खाऊन लवकर संपणार हे ठरलेलेच होते, तो २०२१ साली नवा बसवला.

ही गोष्ट मी वर्गात सांगतो तेव्हा विद्यार्थ्यांना आश्चर्य वाटते ते एका गोष्टीचे. जगातल्या नामांकित प्रयोगातही चूक झाली, ती उघडपणे मान्य झाली, तिचे कारण लिहिले गेले आणि कोणाचे नाक कापले गेले नाही. आमच्याकडे ‘सरांना येत नाही’ हे म्हणायला सरांनाही लाज वाटते आणि विद्यार्थ्यालाही भीती.

५. मुंबईत चाललेले काम

ह्या साऱ्यात आपल्या देशाचा हात किती? सीएमएसमध्ये टकरीच्या जागेच्या दोन्ही टोकांना प्रीशॉवर नावाचा सिलिकॉन डिटेक्टर २००९ साली बसला. त्यात सुमारे ४,३०० चकत्या होत्या. प्रत्येक चकती सव्वासहा सेंटिमीटरच्या आसपास लांब-रुंद आणि तीवर ३२ पट्ट्या. ह्यांपैकी सुमारे एक हजार चकत्या भारतात झाल्या. आखणी भाभा अणुसंशोधन केंद्राची आणि निर्मिती बेंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये. टाटा संस्थेने बाहेरच्या बाजूच्या एका ऊर्जामापकाचे काम केले. त्यातील जुने प्रकाशग्राहक पुढे काढून त्यांच्या जागी सिलिकॉनचे प्रकाशग्राहक बसवले गेले.

आता पुढचा टप्पा. यंत्राच्या नव्या अवस्थेत प्रत्येक वेळी १४० ते २०० टकरी एकदम होतील. टोकांकडचे जुने ऊर्जामापक, आपल्या प्रीशॉवरसकट, हा मारा सोसू शकणार नाहीत. ते काढून त्यांच्या जागी नवा ऊर्जामापक बसायचा आहे. त्यात ६०० चौरस मीटरांहून जास्त सिलिकॉन असेल आणि सुमारे साठ लाख मोजणी-वाटा असतील. चकत्या षट्कोनी, मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या. षट्कोन अशासाठी की गोल चकतीतून चौकोन कापण्यापेक्षा षट्कोन कापला तर माल कमी वाया जातो आणि फट न ठेवता एकमेकांना लागून बसतो. जेथे मारा जास्त तेथे चकती पातळ: ०.३, ०.२ आणि ०.१२ मिलिमीटर अशा तीन जाड्या. हे सगळे द्रवरूप कार्बन डायऑक्साइड फिरवून शून्याखाली तीस अंशांहून थंड ठेवायचे आहे.

ह्याचे भाग, ज्यांना मॉड्यूल म्हणतात, जुळवण्याची केंद्रे जगात मोजकी आहेत आणि त्यांतले एक मुंबईला टाटा संस्थेत आहे. मॉड्यूल म्हणजे एक पोळीचा थर समजा. खाली धातूचा किंवा कार्बन-तंतूंचा तळपत्रा, त्यावर सिलिकॉनची चकती, त्यावर चिपा बसवलेला विद्युत्-पट. थर एकमेकांना चिकटवताना जागा केसाच्या जाडीएवढीही चुकून चालत नाही. मग पटाला भोके असतात त्यांतून केसाहून बारीक तारांनी चकती आणि पट जोडतात. त्या तारांवर संरक्षक लेप देतात. शेवटी मॉड्यूल थंड करून, व्होल्टेज देऊन गळती मोजतात. प्रत्येकाची नोंद राहते. एकदा हे आत बसले की पुढची अनेक वर्षे माणसाचा हात तेथे पोचणार नाही.

६. मित्राला उत्तर

आता आमच्या कार्यकर्त्या मित्राचा प्रश्न. नळाला पाणी नाही हे खरे आहे आणि ते यावे म्हणून मोर्चा काढायला मीही जातो. हे डिटेक्टर झाले नाहीत तर पाणी येईल असे मात्र नाही. भारतीय गटाचा खर्च अणुऊर्जा विभाग आणि विज्ञान व तंत्रज्ञान विभाग करतात. तो सार्वजनिक पैसा आहे. जो पैसा सर्वांचा आहे त्यातून निर्माण होणाऱ्या ज्ञानाजवळ कोण पोचते, हा प्रश्न आपण विचारला पाहिजे. ‘ते आपले नव्हेच’ असे म्हणून तो सोडून दिला तर सोय इतरांची होते.

ह्या देशात सूक्ष्म कणांचे विज्ञान आणि आपली माणसे ह्यांचा संबंध जुना आहे. १९६५ साली कोलारच्या सोन्याच्या खाणीत दोन किलोमीटरांहून खोल जागी टाटा संस्था, जपानचे ओसाका आणि इंग्लंडचे डरहॅम विद्यापीठ यांच्या गटाने वातावरणात जन्मणारे न्यूट्रिनो टिपले. ती खोली खणली ती प्रामुख्याने तमिळ दलित खाणकामगारांनी. शोधनिबंधावर खाणकामगारांची नावे नसतात, तशी रीत नाही. पण त्यांनी खणलेल्या खोलीशिवाय तो निबंध झाला नसता, एवढे आपण तरी लक्षात ठेवावे.

दुसरी गोष्ट कायद्याची. केंद्रीय शैक्षणिक संस्थांतील प्रवेशांत आरक्षण देणारा कायदा २००६ साली झाला. त्याच्या परिशिष्टात काही संस्थांची यादी दिली आणि त्यांना त्या तरतुदीतून वगळले. टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि होमी भाभा राष्ट्रीय संस्थेचे घटक, ज्यांत भाभा अणुसंशोधन केंद्रही येते, त्या यादीत आहेत. कारण दिले ते उत्कृष्टतेचे. उत्कृष्टता म्हणजे काय ते ह्या लेखाच्या विषयानेच सांगितले आहे. ती म्हणजे तारेचा जोड पक्का बसणे, गळतीचा आकडा खरा लिहिणे, ऊब किती दिवस लागली ते प्रामाणिकपणे मोजणे, चूक सापडली की ती मांडणे. यांतले एकही कौशल्य कोणी जन्मताना घेऊन येत नाही. सगळी शिकवून येतात. शिकण्याच्या जागेचे दार अरुंद ठेवायचे आणि बाहेर राहिलेल्यांना पात्रता नाही म्हणायचे, हा न्याय वैज्ञानिक नाही.

पण दाराकडे बोट दाखवताना आपल्या ओसरीवरचेही पाहिले पाहिजे. वर सांगितले की तापमानाबरोबर गळती वाढते. हा प्रयोग बी.एस्सी.च्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या जर्नलमध्ये आहे. डायोड तापवायचा, उलट्या दिशेचा प्रवाह मोजायचा, आलेख काढायचा आणि त्यावरून अर्धवाहकाचे ऊर्जा-अंतर काढायचे. मुंबईच्या स्वच्छ खोलीत लाखमोलाच्या चकतीवर जे मोजतात, त्याचे मूळ हेच आहे. मी विद्यार्थी असताना माझ्या कॉलेजात हे उपकरण कपाटात कुलपाखाली होते. आम्ही मागच्या वर्षीच्या जर्नलमधून आकडे उतरवले आणि चांगले गुण मिळवले. ती लबाडी होती आणि नुकसान आमचेच झाले. काकांनी प्रश्न विचारला तेव्हा मला उत्तर आले नाही त्याचे कारण त्या उतरवलेल्या आकड्यांत आहे. शिक्षक मित्रांना माझे सांगणे एवढेच की हा एक प्रयोग तरी विद्यार्थ्यांच्या हाताने करवून घ्या. जुना जर्मेनियम डायोड, एक मायक्रोअँमीटर, तापमापक आणि तेलाचे भांडे, इतकेच लागते.

त्या विद्यार्थिनीने आमच्या प्रयोगशाळेत हा प्रयोग दोन दुपारी बसून केला. पहिल्या दिवशी तिचे आकडे वेडेवाकडे आले. तिने ते खोडले नाहीत. तापमापक डायोडपासून लांब धरला गेला होता असे तिनेच शोधून काढले. दुसऱ्या दिवशी आलेख सरळ आला. तिने दोन्ही दिवसांचे आकडे वहीत ठेवले, खाली कारण लिहिले आणि मग अर्ज भरायला बसली. निवड होईल की नाही हे तिच्या एकटीच्या हाती नाही. पण मुलाखतीत कोणी विचारले की डिटेक्टर थंड का ठेवतात, तर तिला पाठ केलेले सांगावे लागणार नाही.